संगणक सुरू होईना? आधी हिशेब बाहेर काढा

द्राक्षाचा हंगाम भरात आला की सांगली भागातील फळबाजारात उजाडायच्या आतच गडबड सुरू होते. अशाच एका मार्च महिन्यात सकाळी आठच्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका बागवान चाचांचा फोन आला. चाचांचे अडतीचे दुकान आहे. "भाई, कॉम्प्युटर मेला. शेतकरी पट्टीसाठी दारात उभे आहेत आणि पडद्यावर नुसते निळे येते नि जाते," एवढेच ते बोलले.

आम्ही दुकानावर पोहोचलो तेव्हा आठ-दहा शेतकरी बाकावर बसून होते. कुणाला फवारणीच्या औषधांचे बिल भागवायचे होते, कुणाच्या घरी लग्न होते. माल तर विकला गेला होता. पण कोणाचा किती माल कोणत्या भावाने गेला, भाडे-हमाली वजा जाता किती उरले, आणि हंगामाआधी घेतलेल्या उचलीपैकी किती फिटली, हे सारे त्या बंद डब्यात होते. आदल्या रात्री विंडोजचे अपडेट चालू असताना वीज गेली होती. यूपीएसची बॅटरी कधीचीच उतरलेली. चाचांच्या पुतण्याने मेकॅनिकला फोन लावला होता आणि मेकॅनिकने फोनवरच निदान केले होते, "विंडोज उडाली आहे. फॉरमॅट मारावा लागेल. दुपारी मशीन आणून द्या."

तो शब्द ऐकला आणि आमच्या पोटात गोळा आला. कारण आम्ही स्वतः त्यात पोळलेलो आहोत. २०१९ साली आमच्या घरच्या कटलरी दुकानाचा संगणक असाच बंद पडला होता. मेकॅनिकने विचारले, "डी ड्राइव्हला हात लावत नाही, चालेल ना?" आम्ही मान डोलावली. टॅलीचा डेटा 'सी' मध्ये आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता. तासाभरात संगणक नवरीसारखा सजून परत आला आणि अकरा महिन्यांची उधारी मात्र पुसली गेली. पुढे गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन, त्यांच्याच वह्या पाहून खाते पुन्हा उभे केले. बहुतेकांनी इमानाने आकडा सांगितला. काहींनी "आमच्याकडे काही बाकी नाही" म्हणून हात वर केले आणि आमच्याजवळ दाखवायला कागद नव्हता. मेकॅनिकला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. त्याने विचारले होते, उत्तर आम्ही चुकीचे दिले होते.

म्हणून संगणक बंद पडला की आमचे व्यापारी बांधव पहिला प्रश्न करतात, "केव्हा सुरू होईल?" तो आम्हाला दुसरा प्रश्न वाटतो. पहिला प्रश्न असा की आत असलेला हिशेब सुरक्षित बाहेर कसा काढायचा. त्यासाठी लागणारे हत्यार म्हणजे साधी आठ जीबीची पेनड्राइव्ह. फक्त ती आधी तयार केलेली पाहिजे.

आता संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते, ते थोडक्यात पाहू. बटण दाबल्यावर सर्वप्रथम मदरबोर्डवरील एका चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणतात, नव्यांत यूईएफआय. तो रॅम, कीबोर्ड, पडदा तपासतो आणि मग विंडोज कुठे आहे ते शोधतो. सापडले की सूत्रे विंडोजच्या हाती देऊन बाजूला होतो. पंखाच फिरत नाही, पडद्यावर कंपनीचे नावही येत नाही किंवा नुसता बीप-बीप आवाज येतो, तर दोष पहिल्याच पायरीवर आहे आणि तेथे पेनड्राइव्हचा उपयोग नाही. अशा वेळी वीज बंद करून रॅमची पट्टी काढावी, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसावेत आणि पुन्हा घट्ट बसवावी. हा मेकॅनिक लोकांचा जुना उपाय आहे आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. परंतु कंपनीचे नाव दिसले आणि नंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' अशी अक्षरे आली, निळा पडदा आला, किंवा 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' म्हणत यंत्र गोल गोल फिरत राहिले, तर दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये असण्याचा संभव जास्त. चाचांच्या संगणकाचे लक्षण हेच होते.

मदरबोर्डवरच्या त्या प्रोग्रामला विंडोज डिस्कवरच असावी असा हट्ट नसतो. पेनड्राइव्हवर चालण्याजोगी यंत्रणा असेल तर तो ती घेऊनही संगणक चालू करतो. ही युक्ती नवी नव्हे. विंडोज ९८ च्या काळात 'स्टार्टअप डिस्क' म्हणून फ्लॉपी करून ठेवत, तिच्यात जेमतेम १.४४ एमबी मावत असे. पुढे सीडी आली आणि मेकॅनिकांच्या पिशवीत 'हिरेन्स बूट सीडी' दिसू लागली. पेनड्राइव्ह बाजारात येऊ लागल्या २००० साली, आणि आज त्याच बोटभर वस्तूवर अख्खी यंत्रणा बसते. बाहेरून चालू केलेल्या संगणकाला आतली डिस्क ही फक्त एक पेटी असते. पेटीचे कुलूप मोडावे लागत नाही, वस्तू उचलून घेता येतात.

आम्ही आमच्या पेटीत दोन पेनड्राइव्ह ठेवतो आणि एक मोकळी.

पहिलीवर लिनक्स मिंट आहे. ही विनामूल्य यंत्रणा आहे, कुणीही उतरवून घ्यावी, मित्राला नक्कल द्यावी, त्यात चोरी नाही. तिच्या संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची आयएसओ फाईल उतरवायची. येथे पुष्कळ जण चुकतात. ही फाईल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. 'रुफस' नावाचा एक छोटा, फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्यात फाईल दाखवायची, पेनड्राइव्ह निवडायची आणि स्टार्ट दाबायचे. पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते सर्व पुसले जाते, म्हणून घरच्या लग्नाचे फोटो असलेली पेनड्राइव्ह यासाठी घेऊ नये. (आमच्या भाच्याने घेतली होती. त्याची आई अजून तो विषय काढते.)

दुसरीवर खुद्द विंडोज आहे. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर 'मीडिया क्रिएशन टूल' मिळते, ते पेनड्राइव्ह आपोआप तयार करून देते. तीही आठ जीबीची पुरते. बाजारात शंभर-दोनशेला तयार पेनड्राइव्ह विकणारेही भेटतात. त्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. आत क्रॅक केलेली विंडोज आणि सोबत आणखी काय काय आलेले असते ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि ज्या संगणकात आपण बँकेचे व्यवहार करतो त्यात ती घालायची म्हणजे गल्ल्याची किल्ली रस्त्यावरच्या माणसाकडे देण्यासारखे आहे.

दोन्ही पेनड्राइव्ह चालू संगणकावर कराव्या लागतात हे सांगायला नकोच. बंद पडल्यावर करायची म्हटले तर शेजाऱ्याचा संगणक लागतो, आणि हंगामात शेजारीही मोकळा नसतो.

चाचांच्या दुकानात आम्ही पहिली पेनड्राइव्ह लावली. संगणक बंद करून पुन्हा चालू करताना एक ठराविक कळ भराभर दाबावी लागते, म्हणजे कुठून चालू करायचे ही यादी पडद्यावर येते. डेल आणि लेनोवोच्या पुष्कळ यंत्रांत ती एफ १२ असते, एचपीत एफ ९ किंवा आधी एस्केप, एसरमध्येही बहुधा एफ १२. जुळवून घेतलेल्या, म्हणजे असेंबल केलेल्या यंत्रांत मदरबोर्डप्रमाणे एफ ८, एफ ११ किंवा एफ १२. वेळ चुकली तर पुन्हा बंद करून पुन्हा प्रयत्न, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आम्हाला तिसऱ्या खेपेस यादी मिळाली. यूएसबी असे लिहिलेली ओळ निवडली आणि मिनिट-दीड मिनिटात मिंटचा हिरवा पडदा आला. माउस हलत होता, सर्व काही चालत होते.

चाचा उठून जवळ आले. "सुरू झाला?"

"तुमची विंडोज नाही चाचा, आमची यंत्रणा चालू आहे. पण तुमचा पडदा, रॅम, मदरबोर्ड ठणठणीत असल्याचे कळले."

हे कळणे पैशाचे आहे. पेनड्राइव्हवर संगणक नीट चालला तर "मदरबोर्ड गेला, नवा घ्या" असे कोणी सांगितल्यास आपण दोन प्रश्न विचारू शकतो.

मिंटच्या त्या पडद्यावर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असे एक चित्र दिसते. त्याला हात लावायचा नाही. ते दाबून पुढे होय-होय करत गेले की डिस्कवरचे सर्व जाऊ शकते. आपण फक्त 'कॉम्प्युटर' नावाच्या चित्रावर जायचे. तेथे आतली डिस्क दिसते, ती उघडली की विंडोजचे ओळखीचे फोल्डर समोर येतात. चाचांचे अडतीचे सॉफ्टवेअर गावातल्याच एका मुलाने करून दिलेले, त्याचा डेटा 'सी' मध्ये त्याच नावाच्या फोल्डरमध्ये होता. तो अख्खा फोल्डर, आणि 'यूजर्स' मधून डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स, आम्ही मोकळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. सहा मिनिटे लागली. मग ती पेनड्राइव्ह शेजारच्या दुकानातील संगणकाला लावून फोल्डर खरोखर उघडतो की नाही, आतल्या फायलींवर कालचीच तारीख आहे की नाही, ते पाहिले. ही तपासणी न करता पुढे जाऊ नये. कॉपी झाली असे पडद्यावर दिसणे आणि कॉपी झालेली असणे यांत कधी कधी अंतर असते.

ज्यांच्याकडे टॅली आहे त्यांनी आजच आपला डेटा कुठे आहे ते पाहून ठेवावे. टॅलीत कंपनी निवडताना डेटाचा रस्ता पडद्यावर येतो. टॅलीप्राइममध्ये तो सहसा 'सी' च्या 'यूजर्स' मधील 'पब्लिक' फोल्डरखाली टॅलीप्राइम, आणि त्यात 'डेटा' असा असतो. आत पाच-सहा आकड्यांच्या नावाचा जो फोल्डर दिसतो तीच आपली कंपनी. २०१९ साली एवढे माहीत असते तर आमची चप्पल झिजली नसती. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचे कारखाने चालवणाऱ्यांची ठेव वेगळी. त्यांची वर्षानुवर्षांची डिझाइने डीएसटी फायलींत असतात आणि त्या बहुधा डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर' मध्ये, नाहीतर डाउनलोड्समध्ये पडलेल्या असतात. लग्नपत्रिका छापणाऱ्यांच्या कोरलड्रॉ आणि इनपेजच्या फायलींचेही तसेच. मेकॅनिकला 'टॅली घे' सांगितले तर तो टॅली घेईल, डिझाइन घेणार नाही.

येथे एक अडथळा येतो, तो नव्या लॅपटॉपवाल्यांनी नीट वाचावा. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते, त्याला बिटलॉकर म्हणतात. चोराच्या हाती लॅपटॉप पडला तर आतला मजकूर त्याला वाचता येऊ नये म्हणून ही सोय आहे. पण मग पेनड्राइव्हवरून आपल्यालाही तो वाचता येत नाही. ४८ आकड्यांची किल्ली मागितली जाते. पुष्कळदा ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि ते खाते लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने कुठल्या ईमेलवर उघडले ते मालकाला आठवत नसते. किल्ली नसेल तर हिशेब डिस्कवर असूनही नसल्यासारखा. संगणक चालू आहे तोवर खात्यात शिरून ती किल्ली कागदावर उतरवून जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. बायोसमधील 'सिक्युअर बूट' वगैरे गोष्टींना हात लावण्याआधीही ती जवळ हवी, कारण ती मांडणी बदलली की कुलूप जागे होते.

हिशेब हाती आल्यावर दुरुस्तीला लागलो. आता बिघडले तर बिघडले, अशी मनाची तयारी होती. दुसरी पेनड्राइव्ह, विंडोजची, लावली. भाषेचा पडदा गेल्यावर 'इन्स्टॉल' असे मोठे बटण येते. ते सोडून खाली डाव्या कोपऱ्यात 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' अशी बारीक ओळ असते, अलीकडच्या पेनड्राइव्हमध्ये 'रिपेअर माय पीसी' असा पर्याय असतो, तो घ्यायचा. मग 'ट्रबलशूट' आणि त्यात 'स्टार्टअप रिपेअर'. आम्ही ते चालवले. पाच-सात मिनिटे यंत्र विचार करत राहिले आणि शेवटी दुरुस्ती जमली नाही असे म्हणाले. पुतण्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मागे येऊन त्याच यादीतील 'अनइन्स्टॉल अपडेट्स' घेतले आणि त्यात शेवटचे 'क्वालिटी अपडेट' काढायला सांगितले, कारण वीज गेली ती अपडेटच्या मधोमध, हे चाचांनी सांगितले होते. निदान संगणकाने नव्हे, चाचांच्या त्या एका वाक्याने झाले. यासाठीच बंद पडण्याआधी काय झाले ते मेकॅनिकला सांगावे, नुसते 'चालत नाही' म्हणून डबा टेकवून येऊ नये.

दोन वेळा आपोआप बंद-चालू होऊन विंडोज उघडली.

हेही चालले नसते तर विंडोज नव्याने घालावी लागली असती. तेव्हादेखील जुना भाग फॉरमॅट न करता त्यावरच घातली तर आधीचे सामान 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात बाजूला राहते. परंतु त्याच्या भरवशावर राहून कॉपी टाळू नये.

अशी पाळी मोठमोठ्यांवरही येते. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. विमाने रखडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती काय होती? एक सदोष फाईल पुसणे. पण जो संगणक सुरूच होत नाही त्याला दुरून हुकूम कसा देणार? माणसाला एकेका यंत्रापुढे जाऊन बसावे लागले. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने जे साधन दिले ते बूट होणाऱ्या पेनड्राइव्हचेच होते. बिटलॉकरची किल्ली ज्यांना सापडेना त्यांचे हाल तेथेही झाले. विमान कंपन्यांकडे माणसे होती, पगारी तंत्रज्ञ होते. आमच्या बागवान चाचांकडे पुतण्या होता.

दोन प्रसंगी मात्र आम्ही स्वतः हात आखडता घेतो. डिस्कमधून टक-टक असा आवाज येत असेल किंवा कॉपी करताना ती वारंवार अडकत असेल, तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. अशा वेळी प्रत्येक वेळचे चालू करणे तिला आणखी दुखवते. वीज काढावी आणि हिशेब तेवढाच मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. खर्च फार येतो. दुसरे म्हणजे कुणी व्हायरस घालून फायली कुलूपबंद करून खंडणी मागत असेल, तर पेनड्राइव्हने ते कुलूप निघत नाही. तेथे संगणक नेटपासून तोडून जाणकाराला बोलवावे.

उलट एक दुखणे फार स्वस्त आहे आणि नेमके तेच कोणी तपासत नाही. संगणक रोज चालू होताना तारीख चुकीची, भलत्याच वर्षाची दाखवत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्याचा नंबर सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात मिळतो. सेल संपून वीजही गेली की बायोस आपली मांडणी विसरते, डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची तेही विसरते, आणि धडधाकट विंडोज सुरू होत नाही. सेल बदलून मांडणी पूर्ववत केली की काम भागते. अशा यंत्रांवर फॉरमॅट मारलेले आम्ही पाहिले आहेत.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्यांचे यंत्र जुने आहे आणि विंडोज ११ घेत नाही त्यांनी तीच मिंटची पेनड्राइव्ह लावून दोन-चार दिवस काम करून पाहावे. पत्रे, नेट, व्हॉट्सअ‍ॅप, साधी कोष्टके यांना ती पुरते. टॅली मात्र विंडोजसाठी बनवलेली आहे, त्यामुळे हिशेबाचे यंत्र विंडोजवरच ठेवणे भाग आहे.

चाचांच्या पट्ट्या दुपारी साडेबाराला छापून निघाल्या. दोन शेतकरी कंटाळून निघून गेले होते, त्यांना पुतण्याने फोन करून बोलावले. चाचांनी आमच्या दोन्ही पेनड्राइव्हच्या नकला करून घेतल्या, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवली आणि गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. तिसरी पेनड्राइव्ह पुतण्याच्या गळ्यात दोरीने अडकवलेली असते, त्याने रोज दुकान बंद करताना हिशेबाचा फोल्डर तिच्यावर उतरवायचा असे ठरले आहे.

संध्याकाळी तोच मेकॅनिक आला. यूपीएसची बॅटरी बदलली, तिचे पैसे घेतले आणि जाता जाता म्हणाला, "भाई, ती हिरवी पेनड्राइव्ह मला पण एक करून द्या."